बाटलीतला श्वास

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात तो कधी शिरलाच नाही. लहानपणी मी अंधाराला घाबरले की वडील म्हणायचे, "जा, बघून ये. आणि भूत असलंच तर त्याला चहाला घेऊन ये." नायगावच्या चाळीतून आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायला आलो, मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले आणि पूर्वेला, खारी गावाच्या पुढे, एका इंडस्ट्रियल गाळ्यातल्या लॅबमध्ये नोकरीला लागले. औषधं तपासायची लॅब. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणी मला भोळसट म्हणेल. मी भांडखोर आहे, भोळसट नाही.

लॅब म्हणजे दोन खोल्या. बाहेर ओटे, काचसामान, बेसिन. आत, काचेच्या दारामागे, एसीची छोटी खोली आणि तिच्यात मशीन. खिडकीला काळा कागद लावलेला, त्यामुळे भर दुपारीही आत ट्यूबलाइटच असायची. शेठ गुजराती होते. त्यांनी ते मशीन कुठल्याशा मोठ्या कंपनीकडून सेकंडहॅण्ड आणलं होतं आणि पोटच्या पोरासारखं जपायचे.

मशीनचं काम सोपं करून सांगायचं तर असं. वर फळीवर एक मोठी काचेची बाटली, तिला लाल झाकण. बाटलीत मिथेनॉल आणि पाणी, ठरल्या मापानं मिसळलेलं. तिच्यातून एक पारदर्शक बारीक नळी खाली पंपाकडे येते. पंप ते पाणी एका पोलादी नळीतून जोरानं ढकलतो. त्या प्रवाहात औषधाचा थेंब सोडला की त्यातले घटक वेगवेगळे होऊन बाहेर पडतात आणि शेवटी एक पेन कागदाच्या पट्टीवर त्यांचे डोंगर काढतं. डोंगर बघून आम्ही सांगायचं, गोळी चांगली आहे की नाही. या सगळ्याचा एकच वैरी, हवा. नळीत मोहरीएवढा बुडबुडा शिरला तरी पंपाला उचकी लागते, पेन उडी मारतं आणि नसलेला डोंगर कागदावर उभा राहतो.

म्हणून सकाळची पहिली पूजा हवेची. मिश्रण गाळायचं, दुसऱ्या एका छोट्या पंपानं त्यातली हवा ओढून घ्यायची, मग ते भांडं कंप पावणाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवायचं, म्हणजे उरलीसुरली हवा फसफसून निघून जाते. मग अर्धी बाटली भरायची आणि दिवस सुरू.

हे काम माझ्यासोबत करायचा तो उत्तनचा होता. कोळ्याचा मुलगा, ख्रिश्चन, माझ्याच वयाचा. आम्हा दोघांशिवाय मशीनला कुणी हात लावत नसे. मी कामाला लागले तेव्हा त्यानंच मला शिकवलं, नळीत अडकलेला बुडबुडा नखानं टिचक्या मारत कसा वर काढायचा ते. मी टिचकी मारली की म्हणायचा, "हळू गं बाई, बुडबुडा आहे तो, तुझा नवरा नाही." मी म्हणायचे, "तुझ्या तोंडाला मासळीचा वास येतोय, लांब हो." असं आमचं चालायचं.

त्या वर्षी गणपती उठले आणि थोड्याच दिवसांत त्याचा मोठा भाऊ समुद्रात पडला. काळोखात जाळं ओढताना दोरात पाय अडकला आणि गेला खाली. होडी परत आली, बरोबरचे सगळे परत आले, तो नाही आला. खूप शोधलं. प्रेतही लागलं नाही.

वडील आधीच वारलेले. घरात आई आणि हे दोघे भाऊ, तेही बिनलग्नाचे. फादर घरी येऊन म्हणाले, आपण त्याच्यासाठी मिस्सा घालू, त्याच्या आत्म्याला शांती मिळेल. आईनं साफ नाही म्हटलं. जिवंत माणसाचा मिस्सा घालतात का, म्हणाली. ती रोज त्याच्या वाटणीचं जेवण काढून ठेवायची, दार उघडं ठेवायची आणि रात्री उंबऱ्याशी अंथरूण टाकायची. हे मला त्यानं सांगितलं ते नळीकडे बघत. आमची सगळी महत्त्वाची बोलणी नळीकडे बघतच व्हायची.

दसऱ्याला लॅबमध्ये शेठ आणि शेठाणी मशीनची पूजा करायचे. तो घरच्या दुःखामुळे आला नव्हता. आणि मी दसऱ्याला कधीच नसते. आमचा तो धम्मचक्र प्रवर्तन दिन, आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. दुसऱ्या दिवशी आलो तर मशीनवर झेंडूचा हार, पंपावर पाकळ्या, जिथे तिथे कुंकवाचे टिळे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेठना म्हटलं, "पंपात पाकळी गेली असती तर?" ते म्हणाले, "अरे बेन, भगवान का है, कुछ नहीं होता." आम्ही दोघांनी स्पिरिटनं टिळे पुसले, हार काढला आणि कामाला लागलो.

त्या दुपारी पहिल्यांदा ते झालं.

सकाळपासून पेन सरळ रेघ काढत होतं. जेवणं झाली. दुपार कलली आणि बाटलीच्या तळाशी, नळीच्या टोकाला जी पोलादी जाळी असते, तिच्यातून एक बुडबुडा सुटला. मग आणखी एक. सावकाश, अंतर ठेवून वर येत राहिले. थोड्या वेळानं नळीतही दिसायला लागले, पंप अडखळला आणि पेन कागदावर वेडंवाकडं नाचलं. मी कपाळावर हात मारला. हवा नीट काढली नसणार, म्हणून त्याच्यावर ओरडले. तो स्टुलावर चढला आणि बाटलीत काय झालंय बघायला त्यानं झाकण फिरवलं.

बाटलीनं श्वास घेतला.

दुसरा शब्द मला तेव्हाही सुचला नाही, आजही सुचत नाही. हवा बाहेर सुटल्यासारखा फुस्स आवाज नव्हता तो. खोल, घाईघाईनं आत ओढलेला श्वास होता. बराच वेळ पाण्याखाली राहिलेला माणूस डोकं वर काढल्यावर घेतो, तसा. मी दाराच्या काचेपर्यंत मागे सरकले. तो स्टुलावर तसाच उभा, हातात झाकण, चेहरा पांढरा फटक.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"हवा आहे," मी म्हटलं.

त्यानं पंपातले बुडबुडे काढले, झाकण लावलं, मशीन सुरू केलं आणि पेन पुन्हा गुमान सरळ चालायला लागलं. जणू काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. सकाळभर सरळ रेघ, दुपार कलली की तळातून बुडबुडे, झाकण उघडलं की तो श्वास, आणि मग सगळं शांत. तिसऱ्या दिवशी मी हवा काढायचं काम दुप्पट वेळ केलं, त्याला हातही लावू दिला नाही. तरी तो श्वास आला. जाळी बदलली, नळी बदलली, पंपाचे व्हॉल्व्ह धुतले. तरी दुपार झाली की तो आपला येतोच. म्हणजे कुणी माणूस असल्यासारखं मीही 'येतो' म्हणायला लागले होते बघा! शेठनी मशीनला लिंबू-मिरची बांधली. मी ती काढून फेकली आणि खरं सांगते, फेकायच्या आधी एकदा बाटलीकडे बघून घेतलं.

त्या खोलीत एकटीनं बसणं मला नको व्हायला लागलं. पंपाची टकटक चालायची, पेनची खरखर चालायची, आणि मी कागदाकडे बघायचं सोडून बाटलीच्या तळाकडे बघत बसायचे. पाठ बाटलीकडे करून बसवत नव्हतं आणि तोंड करूनही बसवत नव्हतं. घरी वडिलांना सांगितलं तर ते हसले. "चहाला आण," म्हणाले. मला हसू आलं नाही.

उत्तनवाल्याचं माझ्या उलट झालं. तो दुपारची वाट बघायला लागला. दुपार कलली की हातातलं काम टाकून बाटलीसमोर बसायचा. पहिला बुडबुडा सुटला की त्याचा चेहरा उजळायचा. एक दिवस मला म्हणाला, "लहानपणी आम्ही खडकावरून उड्या मारायचो. तो किती वेळ खाली राहायचा माहितीये? मी वर बसून बुडबुडे बघायचो. बुडबुडे येतायत म्हणजे ठीक आहे, असं आमचं ठरलं होतं."

'बुडत्याला काडीचा आधार' हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं. आयुष्यात इतकं कडू काही गिळलं नसेल.

आणि ह्या शहाण्यानं ते घरी आईला सांगितलं.

हे मला कळलं ते एका रविवारी, मी उत्तनला त्यांच्याकडे गेले तेव्हा. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. आई दारातच बसली होती, काटक, उन्हानं रापलेली. मी आत जाते न जाते तोच तिनं माझा हात धरला.

"तू पन ऐकलास गो त्याचा श्वास?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मी ऐकला होता हे तर खरंच होतं. "हो मावशी," मी म्हटलं. "आवाज येतो."

"मंग?" ती फादर समोर बसल्यासारखी ठसक्यात म्हणाली. "आनि मला सांगतात मिस्सा घाला!" चुलीपाशी ताट झाकून ठेवलेलं होतं. ती वाळून काटकी झाली होती. शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "स्वतः दोन घास खात न्हाय, त्याच्यासाठी ठेवते. अशी किती दिस जगल ही?"

परत येताना बसस्टॉपवर मी त्याला वाटेल तसं बोलले. "अरे, एकाला समुद्रानं नेलं, आईला तू नेणारेस का? ती उपाशी मरतेय तुझ्या बुडबुड्यांपायी!" तो फक्त म्हणाला, "तुला पण भीती वाटते. मग तू कशाला घाबरतेस, नुसती हवा असेल तर?" मला आणखीच राग आला.

इकडे शेठनी हात टेकले. रोज दुपारी काम थांबतंय, रिपोर्ट अडकतायत. त्यांनी येत्या सोमवारसाठी मुंबईहून इंजिनिअर बोलावला. पूर्ण पंप खोलून दुरुस्त करणार म्हणाले. ते ऐकल्यावर त्यानं मला सांगितलं, "शनिवारी आईला घेऊन येतो. इंजिनिअरनं बंद करून टाकलं तर? तिला एकदा ऐकू दे."

शनिवारी शेठ नसायचे. सकाळी त्यानं मशीन सुरू केलं आणि आईला आणायला उत्तनला गेला. घरी पाहुणी यावी तसं मी खोली आवरायला घेतली. ओटा पुसला, मग स्टुलावर चढून वरची फळी पुसायला लागले. ते झाकण कधी धुतलंच जात नसे. नळी त्याच्यातून ओवलेली असते, त्यामुळे बाटली बदलते, झाकण नळीवर तसंच लटकतं. मी फडकं फिरवलं आणि फडक्याला लाल लागलं.

मी नाक जवळ नेलं. तुपाचा वास आला.

त्या झाकणाला दोन भोकं होती. एक नळीचं. दुसरं टाचणीएवढं, आम्हीच गरम सुईनं पाडलेलं. बाटलीतलं पाणी कमी होईल तशी बाहेरची हवा आत यायला हवी ना, म्हणून. शेठाणींनी दसऱ्याला तुपात कालवलेल्या कुंकवाचा टिळा नेमका त्या भोकावर लावला होता. लाल झाकणावर लाल कुंकू. आम्ही पोलाद तेवढं पुसलं, हे कुणाला दिसलंच नाही. एसीत तूप घट्ट बसलं होतं. हवा आत येणं बंद. पंप आपला पाणी ओढतोय, बाटलीत पोकळी होतेय, दुपारपर्यंत ती इतकी वाढतेय की पाण्यात उरलेली हवासुद्धा बुडबुडे होऊन बाहेर येतेय. आणि झाकण उघडलं की बाहेरची हवा धावत आत शिरतेय. आम्ही रोज झाकण उघडायचो, म्हणून रोज बरं व्हायचं. पूजेला आम्हा दोघांपैकी एक जरी असता तर पहिल्याच दिवशी ओरडला असता.

मी स्टुलावरच बसले आणि हसले. मग एकदम रडू आलं.

ओढणीची टाचणी काढून हातात घेतली. एक टोचा मारला की संपलं. पण ते दोघं बसमध्ये असतील, ती बाई आज तिच्या मुलाला भेटायला निघालीय, हे डोळ्यांसमोर आलं. आल्या आल्या काही न ऐकता ती परत गेली तर म्हणणार, माझ्या पायगुणानं गेला. मी टाचणी परत ओढणीत खोचली.

तो आला तेव्हा आईला बाहेर पाणी देऊन मी त्याला आत बोलावलं, स्टुलावर चढायला लावलं आणि झाकण दाखवलं. त्यानं नखानं खरवडलं. नखात लाल तूप आलं, भोकातला बोळा मात्र तसाच राहिला. त्यानं ते बोटांत चोळलं, वास घेतला. हुशार होता, एक शब्द समजावून सांगावा लागला नाही.

"आता तिला सांग," मी म्हटलं.

"आज राहू दे."

"वेड लागलंय का तुला? ही ऐकून गेली तर मरेपर्यंत दारात बसेल!"

"मग तू सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्यात दम असेल तर तू सांग तिला, की कुंकू आहे म्हणून."

मी बाहेर बघितलं. ती बाकावर बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात फूल घालून. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा होता. कुणासाठी ते विचारायची गरज नव्हती. माझ्यात दम नव्हता.

आम्ही तिला आत खुर्चीवर बसवलं. एसीच्या गारव्यानं ती आक्रसली. मशीनकडे तिनं बघितलं नाही, फक्त बाटलीकडे. दुपार कलली आणि जाळीतून पहिला बुडबुडा सुटला. तिनं छातीवर क्रूस काढला. दुसरा, तिसरा. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. कुंकू माहीत असूनही मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पंप अडखळायला लागला. तो स्टुलावर चढला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यानं झाकण फिरवलं.

बाटलीनं श्वास घेतला. त्या दिवशी तर नेहमीपेक्षा मोठा वाटला.

ती हलली नाही. डोळे मिटून कान देऊन बसली होती, श्वास संपला तरी तशीच. मला वाटलं आता ही हंबरडा फोडणार, नाहीतर त्या बाटलीला मिठी मारणार. मी मनात म्हणत होते, आता सांग, आत्ता सांग.

मग ती म्हणाली, "न्हाय."

"आई?"

"ह्यो माजा न्हाय." आवाज एकदम साधा, भाजी घेताना बोलावं तसा. "माजा पान्यातून वर आला की आधी हसायचा, मंग श्वास घ्यायचा. ल्हानपनापासनं. नाकातोंडात पानी जायचं तरी हसायचा मेला. ह्यो घाबरलाय. ह्यो कुनाचा तरी येगला हाय."

तो स्टुलावरून उतरला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुजा भाव गेला रं," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठी कान लावून बसले होते, म्हनून मला कळाला न्हाय. गेला तो. उद्या फादरला सांग."

तो तिच्या मांडीत डोकं घालून ओक्साबोक्शी रडला. भाऊ गेल्यापासून मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. ती नाही रडली. थोड्या वेळानं तिनं डबा सोडला आणि त्याला म्हणाली, खा. त्यानं दोन घास खाल्ले, मग तिनंही खाल्ले, तिथेच, मशीनच्या खोलीत, जिथे खाण्याची सक्त मनाई होती. मला पण दिलं. सुरमई होती.

जाताना ती दारात थांबली. मागे वळून फळीवरच्या बाटलीकडे बघितलं आणि तिच्याशी बोलली, शेजारच्या पोराशी बोलावं तशी.

"ज्याचा कुनाचा आसशील, घरी जा रं बाबा. तुजी आय वाट बघत आसंल."

ते दोघे गेले. मी एकटी राहिले. झाकण लावून पंप पुन्हा सुरू केलेला होता, पेन सरळ चाललं होतं. टाचणी काढली आणि स्टुलावर चढले. मला सगळं माहीत होतं. कुंकू माहीत होतं, तूप माहीत होतं, पोकळी माहीत होती. तरी टाचणी त्या लाल ठिपक्यावर टेकवली आणि हात पुढे जाईना. बाहेर गाळ्यांमधली मशीनं शनिवारची बंद होत होती. खोलीत पंपाची टकटक आणि मी.

"जा रे बाबा," मी म्हटलं. "जा घरी."

आणि मग टाचणी आत घातली.